लस टोचलेली म्हैस आणि आजारून उठलेली म्हैस ओळखायची कशी?

१० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात, बर्लिनपासून जवळच, पाणम्हशींच्या एका लहानशा कळपात लाळ्या खुरकुताचं निदान झालं. तीन म्हशी मेल्या होत्या. उरलेल्या लगेच मारून टाकल्या. १९८८ नंतर त्या देशात हा रोग पहिल्यांदाच दिसला. काही दिवसांतच दक्षिण कोरिया आणि ब्रिटनने जर्मनीचं डुकराचं मांस घेणं थांबवलं. म्हशी आजारी पडल्या आणि बाजार डुकरांचा बसला. खुरं दुभंगलेल्या सगळ्याच जनावरांना हा विषाणू धरतो, त्यामुळे यात नवल काही नाही. पण ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत आणि दर दोन-चार वर्षांनी ज्याने गावात ‘खुरकूत आलाय’ हे ऐकलं आहे, त्याला ही सगळी चेष्टाच वाटेल.

मोठं जनावर या रोगाने सहसा मरत नाही, म्हणून आपण तो अंगावर काढतो. जिभेवर, खुरांच्या बेचक्यात, सडांवर फोड येतात, फुटतात, लाळ गळते, चारा सुटतो. दोन-तीन आठवड्यांत जनावर सावरतं. हिशेब मात्र पुढे लागतो. त्या वेतात दूध पुन्हा पहिल्यासारखं चढत नाही. सडाच्या जखमेतून कासेत दगडी होते, गाभण गाय गाभडते, बैल ऐन पेरणीत लंगडतो. काही संकरित गायी कायमच्या धापऱ्या होतात: अंगावर केस वाढलेले आणि ऊन चढलं की जीभ बाहेर. वासरांच्या तर हृदयाच्या स्नायूवरच विषाणू हल्ला करतो. वरून एकही फोड नसताना वासरू दूध पिता पिता कोसळतं, आणि शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे दिसतात. पशुवैद्यक त्याला ‘वाघाचं हृदय’ म्हणतात. जिथे रोग कायम ठाण मांडून आहे अशा देशांचं उत्पादनातलं नुकसान आणि लसीकरणाचा खर्च मिळून वर्षाला ६.५ ते २१ अब्ज डॉलर होतो, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात भारताचा वाटा मोठा आहे, आणि तो बहुतांशी कमी भरलेल्या दुधाच्या कॅनमध्ये दडलेला आहे.

श्रीमंत देशांचं नुकसान वेगळ्या जातीचं. २००१ साली ब्रिटनमध्ये २,०२६ ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. त्यातली बहुतेक निरोगी होती. सार्वत्रिक निवडणूक महिनाभर पुढे ढकलावी लागली. त्याच वर्षी शेजारच्या नेदरलँड्समध्ये याहून विचित्र प्रकार घडला. रोग रोखायला त्यांनी जवळपास दोन लाख जनावरांना लस टोचली, रोग आटोक्यात आला, आणि मग ती लस टोचलेली जनावरंही मारून टाकली. का? तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टोचलेली जनावरं मारली तर ‘रोगमुक्त देश’ हा दर्जा तीन महिन्यांत परत मिळे, जिवंत ठेवली तर वर्षभर थांबावं लागे. टोचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिनं, असतात आणि आजारून उठलेल्याच्याही. यातलं कोणतं कोण हे खात्रीने सांगता येत नसेल, तर खरेदीदार दोघांकडेही संशयानेच बघणार. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, ही वर्षभराची मुदत सहा महिन्यांवर आली. ती आणणारी गोष्ट एक रक्ततपासणी होती, आणि माझ्या मते पशुवैद्यकातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ती एक आहे. तिच्यासाठी जरा विषाणूच्या आत शिरावं लागेल.

या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर म्हणजे सुमारे ८,४०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. पेशीत शिरला की त्यावरून एकच लांबलचक प्रथिन बनतं आणि मग ते जागोजाग कापलं जातं. निघणारे तुकडे दोन प्रकारचे. व्हीपी-१ ते व्हीपी-४ ही चार प्रथिनं प्रत्येकी ६० या हिशेबाने एकत्र येतात आणि विषाणूचं कवच उभं राहतं. उरलेली, म्हणजे २सी, ३ए, ३सी, ३डी वगैरे, कवचाच्या बांधणीत जात नाहीत. पेशी ताब्यात घेणं, धाग्याच्या नकला काढणं, लांब प्रथिन कापणं ही त्यांची कामं. घर बांधून झालं की विटा भिंतीत राहतात आणि गवंडी थापी-ओळंबा उचलून निघून जातो, तसं हे आहे. ज्या शरीराने थापी-ओळंबा पाहिला, तिथे नक्की बांधकाम चाललं होतं.

आता लस बघा. कारखान्यात बीएचके-२१ नावाच्या पेशींमध्ये टाक्याच्या टाक्या विषाणू वाढवतात. मग एका रसायनाने त्याचा आरएनए निकामी करतात. कवच शाबूत राहतं. नंतरच्या शुद्धीकरणात अवजारं, म्हणजे कवचात न जाणारी ती प्रथिनं, जवळजवळ सगळी निघून जातात. उरलेल्या कवचांत तेल मिसळून ती टोचली जातात. मेलेला विषाणू गायीच्या शरीरात वाढू शकत नाही, म्हणजे तिथे अवजारं नव्याने बनत नाहीत. टोचलेल्या गायीच्या रक्तात फक्त कवचाविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, आजारून उठलेल्या गायीत दोन्ही.

कोणत्या अवजाराविरुद्धची प्रतिपिंडं शोधायची हेही महत्त्वाचं. जुन्या काळी ३डी या प्रथिनावर भर होता, पण ते शुद्धीकरणानंतरही थोडं चिकटून राहतं, आणि वारंवार टोचलेली जनावरं उगाच ‘रोगी’ ठरतात. म्हणून नजर ३एबीसी या सलग तुकड्याकडे वळली. त्यात ३बी लागोपाठ तीनदा येतं, त्यामुळे शरीराची त्याच्यावरची प्रतिक्रिया जोरदार असते आणि महिनोन् महिने टिकते. भारतात लाळ्या खुरकुतावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, पूर्वी मुक्तेश्वरला आणि आता भुवनेश्वरजवळ, ३एबी३ हे प्रथिन वापरून स्वतःची एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं ओळखणारी, चाचणी बनवली. देशभरातून गोळा केलेले रक्तजलाचे नमुने तिच्यावर तपासले जातात.

चाचणीला मर्यादा आहेतच. लस नीट शुद्ध केलेली नसेल तर सगळं गणित बिघडतं. शिवाय टोचलेल्या गायीला नंतर सौम्य लागण झाली तर विषाणू घशाच्या मागच्या भागात महिनोन् महिने दडून राहू शकतो, आणि रक्तात त्याची खूण फारच पुसट उमटते. म्हणून एका जनावराच्या निकालावर कुणी पैज लावत नाही. कळपाच्या, तालुक्याच्या निकालावर लावतात.

कवचाची आणखी एक खोड आहे: उष्णतेने किंवा आम्लाने ते १२ तुकड्यांत फुटतं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची ती म्हणूनच. दुपारभर डिकीत राहिलेल्या बाटलीत प्रथिनं सगळी असतात, पण फुटलेल्या तुकड्यांवर शरीर कामाची प्रतिपिंडं फारशी बनवत नाही. हीच खोड भारताच्या म्हशीच्या मांसाच्या निर्यातीला आधार देते. कापलेल्या मांसात काही तासांत लॅक्टिक आम्ल तयार होतं, सामू ६ च्या खाली जातो आणि स्नायूंतला विषाणू संपतो. हाडातल्या मगजात आणि लसिका ग्रंथींत मात्र तो टिकतो. म्हणून आपलं मांस हाडं आणि ग्रंथी काढूनच जातं, तेही मुख्यतः व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तसारख्या देशांत. जास्त भाव देणारे युरोप आणि जपान दार उघडत नाहीत.

जनावरं सरसकट मारून रोग संपवणं आपल्याकडे जमण्यासारखं नाही आणि माणसांच्या मनातही नाही. उरतो लसीचा मार्ग. लसीनेच आपण बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग घालवला आणि २०११ मध्ये तो जगातूनच गेला. पण बुळकांडीची लस एकदा दिली की जन्मभर पुरे. इथे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ भुकटी विकणाऱ्याला एवढंच विचारावं की ती या तिघांपैकी कोणाला ओळखते. वेशीवर उतारा टाकणारा निदान पुडीमागे दोनशे रुपये तरी घेत नाही. लस दिल्यावर काही दिवस दूध थोडं कमी होतं हे खरं आहे; वेत वाया जातं ही भीती मात्र खरी नाही.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला. लक्ष्य होतं २०२५ पर्यंत नियंत्रण आणि २०३० पर्यंत उच्चाटन. आधी रोगमुक्त करायच्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचं नाव आहे. आपल्याकडची अडचण दिवाळीनंतर रस्त्यावर दिसते: मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या बैलजोड्या दोनशे-तीनशे किलोमीटर ओलांडून पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर येतात, तिथे एकाच पाणवठ्यावर भेटतात आणि वसंतात घरी परततात. कानातल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी क्रमांक अशाच फिरत्या जनावरांसाठी सर्वांत जास्त उपयोगाचा, आणि त्यांचीच लस चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त.

दर सहा महिन्यांनी करोडो टोचण्या होतात, तेव्हा त्यातल्या काही कागदावरच झाल्या असतील ही शंका रास्त आहे. तिचा निकालही रक्ताच्या त्याच नमुन्यात लागतो. कवचाविरुद्धची प्रतिपिंडं कमी असतील तर लस पोचली नाही किंवा गरम झाली. अवजारांविरुद्धची सापडली तर विषाणू फिरतोय. गावाच्या नोंदीत शंभर टक्के लसीकरण, रक्तात पहिली खूण जवळजवळ नाही आणि दुसरी मात्र ठसठशीत, असं चित्र आलं तर चौकशी गोठ्यात न करता लसीच्या फ्रीजपासून आणि नोंदवहीपासून सुरू करायला हवी.