निमुळता टेबलपाय

वरच्या टोकाला चौरस आणि तळाकडे सरळ रेषेत बारीक होत जाणारा पाय. कातकामाचा (लेथवर फिरवून घडवलेला) गोल पाय येथे अभिप्रेत नाही.

या घडणीला इंग्लंडमध्ये फर्निचर कारागीर जॉर्ज हेपलव्हाइटचे (मृत्यू १७८६) नाव चिकटले आहे. त्याचा नमुनासंग्रह मात्र पत्नीने १७८८ मध्ये, त्याच्या पश्चात प्रसिद्ध केला आणि त्याच्या कारखान्यातला म्हणून खात्रीने दाखवता येईल असा नग उपलब्ध नाही. वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या रचनांत आणि फ्रान्समधील नवअभिजात सामानात सरळ निमुळते पाय त्याआधीच, साधारण १७६० च्या दशकापासून, दिसू लागतात. तेव्हा हेपलव्हाइटने आकार शोधला असे म्हणण्यापेक्षा रूढ होत चाललेला आकार त्या संग्रहात नोंदला गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा उतार ज्याने काढतात तो रंधा याहून फार जुना : पाँपेई येथे सापडलेले रोमन रंधे इ.स. ७९ पूर्वीचे आहेत.

उतार बहुधा आतल्या दोनच बाजूंना देतात. चारी बाजू निमुळत्या केल्या तर टेबल आत झुकल्यासारखे दिसते. उदाहरणादाखल ७२० मिमी. लांब, ४० मिमी. चौरस पाय घेऊ. पायांना जोडणारी, टेबलाच्या फळीखालची पट्टी १०० मिमी. रुंद असल्यास उतार वरून १२० मिमी.वर सुरू करावा, म्हणजे सांध्याची जागा सपाट राहते. तळ २२ मिमी. ठेवल्यास ६०० मिमी. लांबीत १८ मिमी. उतार पडतो; कोन सुमारे १.७ अंश.

सांध्याच्या खाचा पाय चौकोनी असतानाच पाडतात. खाचा असलेल्या बाजू याच उताराच्या बाजू. चार पायांत उजव्या-डाव्या जोड्या असल्याने प्रत्येक पायाच्या माथ्यावर खूण हवीच. चुकीच्या बाजूला रंधा लागला की तो पाय वाया जातो.

काम जॅक रंध्याने (मध्यम लांबीच्या रंध्याने), तळाच्या टोकापासून सुरू होते. पहिले फटके शेवटच्या १०० ते १५० मिमी.वरच मारतात, पुढचा प्रत्येक टप्पा थोडा वरून सुरू करून तळाशीच संपवतात. दिशा नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. उलट मारल्यास पाते तंतूंच्या टोकांखाली शिरून लाकूड उचकटते. आखलेल्या उताराच्या रेषेला २ मिमी. उरल्यावर पाते बारीक लावून पूर्ण लांबीचे फटके घेतात. उतार जिथे सुरू होतो त्या आरंभरेषेजवळ रंधा वरच्या सपाट भागावर टेकून राहिला तर पाते लाकडाला लागत नाही आणि तिथे फुगवटा उरतो. तिथे फटका सुरू करताना भार रंध्याच्या पुढच्या टोकावर हवा. सरळपणा पोलादी पट्टी लावून उजेडाकडे धरून तपासावा.

पहिली बाजू झाली की तिच्यावर आखलेली दुसऱ्या उताराची रेघ छिलक्यांबरोबर गेलेली असते. ती पुन्हा आखावी लागते. आता शेगड्यात (बाकाच्या पकडीत) धरलेल्या दोन बाजू समांतर नसतात, म्हणून पकड वरच्या चौरस भागावरच घ्यावी किंवा उताराइतकी पाचर लावावी. बाकावरच्या अडणीला तळ टेकवून काम करायचे असल्यास अडणी २२ मिमी.हून बरीच बुटकी हवी, नाहीतर पाते तिच्यावर आदळते.

शेवटी तळाच्या चारी कडा सुमारे दीड मिमी. मारतात, टेबल ओढताना तिथलीच कपची उडते.