शेतीपंपाला दिवसा वीज: अर्धं काम सूर्याचं, अर्धं मोटरचं

शेतीपंपाला लागणाऱ्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आली की गव्हाला पाणी द्यायला शेतकऱ्याला थंडीत, बॅटरीच्या उजेडात दारं धरावी लागतात. बांधावर सापाची भीती, जुन्नरकडे उसात बिबट्याची. माझ्या मते शेतीच्या विजेचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

२०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ही पाळीच दिवसा आणू पाहते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि ती वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला द्यायची. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. भर दुपारी तेवढ्यावर पाच एचपीचे दोनशेच्या आसपास पंप चालू शकतात. शिवाय वीज साठवायची गरज फारशी पडत नाही. घरात दिवा संध्याकाळीच लागतो, पण पिकाला पाणी दहाला मिळालं काय नि दोनला मिळालं काय, सारखंच.

पॅनेलची चर्चा गावोगाव होते, मोटरकडे मात्र कुणी बघत नाही. मोटरला चुंबकत्व निर्माण करायला जादा करंट लागतो. तो पाणी उपसत नाही, नुसता तारेतून ये-जा करत तार तापवतो. स्टार्टरशेजारी योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवला की ही गरज जागच्या जागी भागते. पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटमधला खरोखर कामी येणारा वाटा, ०.७ वरून ०.९५ वर गेला, तर तारेतला करंट सुमारे २६ टक्क्यांनी घटतो. तारेतली गळती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळपास ४६ टक्क्यांनी उतरते! लाइनच्या टोकाच्या शेतकऱ्याला विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळतो, मोटर जळणं कमी होतं आणि ऐन हंगामात डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाला म्हणून पीक वाळत नाही. एवढीशी डबी, पण किती शेतांत ती बसवलेलीच नसते किंवा काढून टाकलेली असते.

२०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. बिलच नाही, तर जुनी, पुन्हा पुन्हा रिवाइंड केलेली मोटर बदलून शेतकऱ्याला काय मिळणार? म्हणून सौर फीडर सुरू करतानाच त्यावरच्या प्रत्येक पंपाला कपॅसिटर आणि गरजेप्रमाणे चांगला पंपसंच सरकारी खर्चाने द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. वाचलेल्या विजेवर आणखी पंप दिवसा चालतील.

जोडीला ठिबकही हवं. दिवसा सहज वीज मिळाली की उपसा वाढतो, आणि वीस मीटर खोलीवरचं पाणी तीस मीटरवर गेलं की तेवढ्याच पाण्याला दीडपट वीज लागते.