क्लाउड लेखापालन : कोकणातील लघुउद्योग

व्यवसायाचा जमाखर्च, बिले व मालसाठा यांच्या नोंदी दुकानातील संगणकावर न ठेवता सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटद्वारे हाताळण्याच्या पद्धतीस क्लाउड लेखापालन म्हणतात. तिच्यासाठी मासिक वा वार्षिक शुल्क भरावे लागते, आणि मालक व त्याचा सीए यांना एकच खतावणी आपापल्या जागेवरून उघडता येते.

भारतात या पद्धतीला खरी चालना मिळाली ती करप्रणालीमुळे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर विवरणपत्रे ऑनलाइन भरणे नोंदणीकृत व्यापाऱ्यांना भाग पडले. वस्तूंच्या व्यापारात ४० लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यास सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. त्यामुळे कोकम-पापड विकणाऱ्या घरगुती व्यवसायाला रोजमेळाची वही पुरते.

रत्नागिरी-देवगडच्या आंबा व्यवसायात ही प्रणाली सहजी बसत नाही. बागायतदार वाशीच्या बाजारात पेट्या पाठवतो तेव्हा भाव ठरलेला नसतो. विक्रीनंतर दलालाकडून हिशेबाची पट्टी येते आणि तीत भाडे, हमाली व हंगामापूर्वी घेतलेली उचल वजा होऊन निव्वळ रक्कम लिहिलेली असते. सॉफ्टवेअरला मात्र बिल करताना दर हवा असतो. म्हणून पेट्या आधी केवळ माल पाठवल्याच्या चलनावर (डिलिव्हरी चलन) दाखवाव्या लागतात, पट्टी आल्यावर पूर्ण विक्री नोंदवावी लागते आणि उचल ‘देणे’ खात्यातून वळती करावी लागते. निव्वळ रक्कमच विक्री म्हणून चढवली, तर उत्पन्न कमी आणि देणे जास्त दिसते. शिवाय ताजा आंबा करमुक्त, पण डबाबंद गर करपात्र असल्याने दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवणे आवश्यक असते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले. अशा पुरात कपाटातली कीर्द आणि टेबलाखालचा संगणक यांची गत एकच होते, तर जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. किनाऱ्यावर क्लाउडच्या बाजूने याहून सबळ कारण सांगता येणार नाही. अर्थात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती, आणि अशा वेळी सुरक्षित असलेला हिशेबही उघडता येत नाही. खाते कर सल्लागाराच्या ई-मेलवर उघडलेले असेल, तर सल्लागार बदलतानाही हीच अडचण येते.

किरकोळ उधारी बहुधा गल्ल्याजवळच्या वहीतच राहते. सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीची मुदत तारखेने घालावी लागते. पण गावातली उधारी पुष्कळदा गणपतीला चाकरमानी घरी आले की फिटते.