पार्श्वभूमी : ज्युडोपटू घडतो कुठे?

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ साली ज्युडोत भारताची एकच खेळाडू उतरली होती, दिल्लीची तुलिका मान. समोर क्यूबाची इदालिस ऑर्तिझ, आधीच्या चार ऑलिंपिकमध्ये चार पदकं मिळवलेली. लढत २८ सेकंदांत आटोपली. लगेच 'एवढ्यासाठी पॅरिसला गेली?' असं विचारणारे निघालेच. पण तिथवर पोचायला काय करावं लागतं, हे ठाऊक असणाऱ्याने तो प्रश्न विचारला नसता.

ऑलिंपिकची दारं जागतिक क्रमवारीवर उघडतात आणि ही क्रमवारी मोठी निष्ठुर आहे. जागतिक अजिंक्यपदाला २००० गुण, ग्रँड स्लॅमला १०००, ग्रँड प्रीला ७००. खंडीय ओपन स्पर्धा जिंकली तरी अवघे १००. त्यातही वर्ष उलटलं की गुण निम्मे होतात आणि दोन वर्षांनी उरतो भोपळा. म्हणजे एकदा कमावलं आणि बसून खाल्लं, असं इथे चालत नाही. आज ताश्कंद, महिन्याभरात तिबिलिसी, मग उलानबातर असं फिरत राहावं लागतं. विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षकाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न दर वेळी उभा असतोच. क्रमवारीतून थेट जागा मिळाली नाही, तर खंडीय कोट्याची, म्हणजे प्रत्येक खंडासाठी राखून ठेवलेल्या जागांची आशा. तुलिका त्याच वाटेने गेली. तिच्याआधी टोकियोला गेलेली सुशीला देवीही त्याच वाटेने.

ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान या पहिल्या ज्युडो शाळेची स्थापना केली. आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये जपानी ज्युडो प्रशिक्षक शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावलं, हे अनेकांना ठाऊक नसतं. भारतीय महासंघ १९६४ चा. १९८६ च्या सोल आशियाईत ज्युडो पहिल्यांदा आला आणि भारताने चार कांस्यपदकं घेतली. त्यात मुंबईचे कावस बिलिमोरियाही होते. इतकी दमदार सुरुवात झाल्यावर पुढे गाडी का रखडली, याचं एक कारण नियमांत सापडतं, असं मला वाटतं. आपल्या मातीतल्या कुस्तीत वाढलेल्या मुलाचा हात सहज समोरच्याच्या पायाकडे जातो. २०१० पासून पायावर थेट हल्ला केला की खेळाडू बाद होऊ लागला आणि पुढे पायाला हात लावणंच बंद झालं. मग उरली ती कॉलर-बाहीची पकड. ती शिकायला तोडीस तोड जोडीदार लागतात, रोज, वर्षानुवर्षं.

गोव्याचं घोडं इथेच अडतं. फुटबॉल आपल्याला पोर्तुगीज अमदानीत मिळाला, ज्युडो तसा मिळण्याची शक्यताच नव्हती. पोर्तुगालचा ज्युडो महासंघच मुळी १९५९ चा आणि १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढे त्या देशाने नुनो देल्गादो, तेल्मा मोंतेरो, जॉर्ज फोन्सेका असे ऑलिंपिक पदकविजेते घडवले. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, तेव्हा पोर्तुगीज भाषक देशांचा ज्युडो आपल्या दारात आला होता. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही ज्युडो होता. दोन्ही वेळा मॅट अंथरले गेले, दिवे लागले, भाषणं झाली. पण यजमानपद मिळालं म्हणून ४८ किलो वजनगटातल्या मुलीला सरावाला आणखी चार ४८ किलोच्या मुली मिळत नाहीत.

या वजनाचं प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वजन आदल्या दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काही जणांना अचानक पुन्हा काट्यावर उभं करतात आणि तेव्हा मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त भरलं की घरी. म्हणजे ४८ किलोच्या मुलीला ५०.४ पर्यंतची मुभा. चवथीत घरोघरी नेवऱ्या तळल्या जात असताना बशी मागे सारणं काय असतं, ते या मुलींनाच विचारा! त्यानंतर ज्युडोगीची, म्हणजे ज्युडोच्या पोशाखाची तपासणी. बाही आखूड किंवा तंग निघाली तर कपडे बदला, कारण समोरचीला पकडायला कापड मिळालंच पाहिजे.

गोवा लहान राज्य आहे, ही सबब मणिपूरकडे पाहिल्यावर टिकत नाही. सुशीला इम्फाळजवळच्या हैनगांगची. काका स्वतः आंतरराष्ट्रीय ज्युडोपटू, थोरला भाऊही खेळणारा. काकांनीच तिला लहानपणी इम्फाळच्या खुमान लाम्पाक क्रीडासंकुलातल्या केंद्रात नेलं. पुढे पतियाळाचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र, २०१४ ला ग्लासगोत राष्ट्रकुल रौप्य, २०१८ मध्ये दुखापत. परदेशी स्पर्धांच्या खर्चासाठी तिने गाडी विकल्याचं तेव्हा छापून आलं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये बिश्केकला संघातले दोघे कोविडबाधित निघाले आणि अख्ख्या संघाला न खेळताच परतावं लागलं. तरीही ती टोकियोला पोचली, पहिल्याच फेरीत हरली आणि पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला पुन्हा रौप्य घेऊन आली.

मणिपूरचीच लिंथोई चनाम्बम २०२२ मध्ये सारायेवोला कॅडेट (अठरा वर्षांखालच्या) गटात, ५७ किलोत, जगज्जेती झाली. जागतिक ज्युडोत कुठल्याही वयोगटातलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. पण ती घडली कर्नाटकात, बळ्ळारीजवळच्या विजयनगरच्या इन्स्पायर इन्स्टिट्यूटमध्ये, जॉर्जियाहून आलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. जोडीदार, प्रशिक्षक, वसतिगृह सगळं एका जागी. गोव्यातल्या एखाद्या पालकाला मुलीसाठी असं काही शोधायचं असेल, तर दिल्ली-पतियाळाकडे बघण्याआधी हा पत्ता तपासावा. वास्कोहून सुटणारी अमरावती एक्स्प्रेस होस्पेट-बळ्ळारीवरूनच जाते.