लँकेस्टरचा वारा आणि ०.४०८

२०११च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर गावात होसे अल्टुवे नावाचा एकवीस वर्षांचा व्हेनेझुएलाचा मुलगा बेसबॉलचे ५२ सामने खेळला आणि त्याची फलंदाजीची सरासरी निघाली ०.४०८. म्हणजे चेंडू मारायच्या दर हजार संधींत ४०८ वेळा तो फटका मारून सुखरूप बेसवर पोचत होता. मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, ०.३०० गाठणाऱ्यालाही उत्तम फलंदाज म्हणतात. लँकेस्टरचा संघ ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसच्या हाताखालचा. खुद्द अ‍ॅस्ट्रोस त्या वर्षी १०६ सामने हरले, त्यामुळे ह्यूस्टनच्या चाहत्यांचं सगळं लक्ष खालच्या लीगमधल्या पोरांकडे होतं. या ०.४०८वर किती भरवसा ठेवायचा?

अमेरिकेत तरुण बेसबॉलपटू बहुधा थेट मोठ्या लीगमध्ये येत नाही. त्याला मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२१पासून ३० मोठ्या संघांचे मिळून असे १२० संघ आहेत. रोज सकाळी त्यांचे आकडे जाहीर होतात आणि चाहते ते चवीने वाचतात. पण आकडा खेळाडूइतकाच गावाबद्दल, हवेबद्दल आणि नशिबाबद्दलही बोलत असतो. त्यातून खेळाडूचा वाटा वेगळा काढणं हे खरं काम, आणि मला या खेळातला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आधी गाव बघू. लँकेस्टर मोहावे वाळवंटाच्या पश्चिम टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. उंची आणि उष्णता दोन्हींमुळे हवा विरळ होते. विरळ हवेत उडालेल्या चेंडूला अडथळा कमी होतो आणि तो लांब जातो. शिवाय फिरणाऱ्या चेंडूला वळण हवेमुळेच मिळतं, तेव्हा पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, चेंडूही तिथे कमी वळतो. त्यात वाळवंटी वारा मैदानाबाहेरच्या दिशेने जोरात वाहायचा. थोडक्यात, लँकेस्टर म्हणजे फलंदाजांसाठी पाटा खेळपट्टीच.

तीन वर्षांनी याच मैदानाने उलटी बाजू दाखवली. नव्या खेळाडूंच्या २०१३च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) अ‍ॅस्ट्रोसने सगळ्यात पहिला घेतलेला पिचर मार्क अ‍ॅपल २०१४मध्ये लँकेस्टरला आला. दर नऊ डावांमागे त्याने ९.७४ धावा दिल्या. मोठ्या लीगमध्ये हाच आकडा चारच्या आतबाहेर असतो. तरीही संघाने त्याला वरच्या पायरीवर, टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीला पाठवलं. तिथे तो आकडा ३.६९ झाला.

मैदानाचा परिणाम मोजायची रीत सोपी आहे. एका संघाच्या घरच्या सामन्यांत दोन्ही बाजूंनी मिळून किती धावा झाल्या आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांत किती, यांचं गुणोत्तर काढायचं. खेळाडू तेच असतात, त्यामुळे उरलेला फरक बऱ्याच अंशी मैदानाचा. एका वर्षाचं गुणोत्तर मात्र डळमळीत असतं, म्हणून काही वर्षांचं एकत्र धरतात.

नशीब वेगळं काढणं याहून अवघड. ज्याची खरी कुवत ०.२६५ आहे अशा फलंदाजाच्या ४५ संधी घ्या. निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा ०.०६६ने वरखाली होणं अगदी सर्वसाधारण आहे. तोच माणूस पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ०.३३० दिसेल किंवा ०.२००. ५०० संधींनंतरही, म्हणजे जवळजवळ अख्ख्या हंगामानंतर, ही डगमग ०.०२० उरते. म्हणून एका हंगामाच्या सरासरीवरून ०.२८०चा मुलगा ०.२६०च्या मुलापेक्षा सरस ठरवणाऱ्यांचं मला पटत नाही.

यावरचा उपाय संख्याशास्त्राने बेसबॉलच्याच आकड्यांवर दाखवला. संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइनने १९५०च्या दशकात एक चक्रावून टाकणारी गोष्ट सिद्ध केली होती: तीन किंवा अधिक गोष्टींचा एकत्र अंदाज बांधायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतःची सरासरी हा एकंदरीत सर्वांत चांगला अंदाज नसतो. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७०च्या हंगामातल्या १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधी घेतल्या आणि प्रत्येकाचा आकडा गटाच्या सरासरीकडे, ०.२६५कडे, ओढला. त्यांच्यातल्या रोबेर्तो क्लेमेंटेचे ०.४०० त्यामुळे ०.२९४वर आले. उरलेल्या हंगामाशी पडताळल्यावर अठरा जणांची मिळून एकूण वर्ग-चूक (चुकांच्या वर्गांची बेरीज) साध्या सरासरीच्या तुलनेत जवळपास साडेतीन पटींनी कमी निघाली.

क्लेमेंटे स्वतः मात्र उरलेल्या हंगामात ०.३४६ने खेळला! १९७०पर्यंत तो चार वेळा आपल्या लीगचा सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरलेला होता. त्याचा पूर्वेतिहास माहीत असलेल्या कुणीही त्याला ०.२६५कडे ओढलं नसतं. ओढायचं तर आहेच, पण कुठे ओढायचं हे माणूस बघून ठरवावं लागतं.

नवख्या मुलाला असा इतिहास नसतो. मग वय बघतात. डबल-एमध्ये एकोणीस वर्षांच्या मुलाने चोविशीतल्या पिचरांसमोर काढलेले ०.२७० मला चोवीस वर्षांच्या फलंदाजाच्या ०.३००पेक्षा मोलाचे वाटतात. शरीर आणि नजर अजून घडायची असताना तो तिथे टिकून असतो. त्यानंतर स्काउटचा, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याचा, शेरा. स्काउट २० ते ८० या मापावर गुण देतात आणि ५० म्हणजे मोठ्या लीगचा सरासरी खेळाडू. अल्टुवेच्या बाबतीत हा शेराच खोटा ठरला. उंची जेमतेम १६८ सेंटिमीटर म्हणून पहिल्या चाचणीतून त्याला परत पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि १५,००० डॉलरवर करारबद्ध झाला. लँकेस्टरहून तो कॉर्पस क्रिस्टीला गेला, वाऱ्याची मदत सुटली, तरी ३५ सामन्यांत ०.३६१. जुलैमध्ये तो ह्यूस्टनला पोचला. २०१४मध्ये त्याने ०.३४१च्या सरासरीने अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकात) अव्वल नंबर काढला. त्याच वर्षी लँकेस्टरमध्ये मार खाणारा अ‍ॅपल मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो थेट २०२२मध्ये, तिशीत, फिलाडेल्फियाकडून.

काही आकडे लवकर खरं बोलू लागतात. फलंदाज किती वेळा स्ट्राइकआऊट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होतो, याचं प्रमाण सुमारे ६० संधींतच बरंचसं भरवशाचं होतं, असं बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांच्या अभ्यासात दिसलं. सरासरीला तितकाच भरवसा मिळायला ९००च्या आसपास संधी लागतात. एप्रिल संपताना म्हणून मी सरासरीचा रकाना सोडून स्ट्राइकआऊटचा बघते. बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेगही असाच बोलका आहे. क्षेत्ररक्षकाने झेल घेतला तरी तो वेग बदलत नाही. मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर २०१५पासून तो मोजला जातो, २०२०पासून क्रिकेटच्या डीआरएसमुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या हॉक-आय कॅमेऱ्यांनी. आता ट्रिपल-एमधली ही मोजमापंही चाहत्यांना पाहता येतात.

या सगळ्या गणितात एक गृहीतक मात्र दडलेलं आहे: खेळाडू तोच राहतो. जे. डी. मार्टिनेझ तीन हंगाम अ‍ॅस्ट्रोसकडे साधारण फलंदाज होता. २०१३च्या हिवाळ्यात त्याने बॅट फिरवायची पद्धत मुळापासून बदलली. जुन्या आकड्यांवर भिस्त ठेवून संघाने मार्च २०१४मध्ये त्याला सोडून दिलं. डेट्रॉइटने लगेच घेतलं आणि त्या हंगामात त्याने ०.३१५ची सरासरी आणि २३ होमरन (बहुधा थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) काढले. बदललेली पद्धत आणि नुसता नशिबाचा चांगला महिना यांच्यातला फरक निकालाच्या आकड्यांतून दिसायला महिने लागतात. २०२४पासून मोठ्या लीगमध्ये बॅटच्या वेगाची मोजणीही जाहीर होऊ लागली आहे. तीच मोजणी खालच्या पायऱ्यांवरही सगळ्यांना खुली झाली, तर असा बदल पहिल्या काही आठवड्यांतच ओळखता येईल.