सर्दी नाकात, काळजी आतड्याची

जुलै उजाडला की मेडिकलच्या दुकानापुढची गर्दी वाढते. नाक गळतंय, अंग मोडून आलंय, कणकण वाटतेय एवढं सांगितलं की काउंटरवरचा माणूस कात्रीने पट्ट्या कापून पुडी बांधून देतो. एक गोळी तापाची, एक अंगदुखीची, एक सर्दीची आणि वर ‘तीन दिवसांचा कोर्स’ म्हणून अँटिबायोटिक. सर्दी जायची तेव्हाच जाते, श्रेय पुडीला मिळतं, आणि बहुतेकांचं त्यात फारसं काही बिघडत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार असलेल्या माणसाला मात्र याच पुडीतल्या एक-दोन गोळ्या सर्दीपेक्षा महागात पडू शकतात.

या दोन आजारांना मिळून आयबीडी म्हणतात. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) वेगळा, त्यात पोट छळतं, पण आतड्याला सूज किंवा जखमा नसतात. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि रक्त, आव पडते. क्रोन्समध्ये सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येते आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यावरून पुढे तो या नावाने ओळखला जाऊ लागला. हे पाश्चात्त्यांचे आजार, आपल्याकडे नाहीत, हा समज फार काळ टिकला. पंजाबातली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दिसलं.

‘तुझी प्रतिकारशक्तीच कमी आहे, म्हणून सारखी सर्दी होते,’ हे वाक्य अशा रुग्णाने घरात शंभरदा ऐकलेलं असतं. खरं तर आजाराची गोम उलटी आहे. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर प्रतिकारशक्ती शत्रूसारखी तुटून पडते आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर भाजून निघतं. प्रतिकारशक्ती कमी करतात ती औषधं, आणि तीही सगळी नव्हेत. मेसालामीन आतड्याच्या अस्तरावर काम करतं, शरीराच्या संरक्षणाला ते फारसा धक्का लावत नाही. वेडोलिझुमॅब पांढऱ्या पेशींची आतड्याकडे जाणारी वाट अडवतं, बाकीचा पहारा बऱ्याच अंशी जागेवर राहतो. अॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब, टोफासिटिनिब यांचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो. म्हणून ‘मला आयबीडी आहे, मला सर्दीचा धोका किती?’ या प्रश्नाचं उत्तर आजाराच्या नावात कमी आणि औषधांच्या चिठ्ठीत जास्त असतं.

त्या चिठ्ठीत सर्वांत जास्त काळजी वाटावी असं नाव महागड्या इंजेक्शनांचं नसून जुन्या, स्वस्त स्टेरॉइडचं आहे. अमेरिकेत आयबीडीच्या १ लाख ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा इतरांच्या तुलनेत त्यांना फ्लू जास्त होतो आणि त्यापायी रुग्णालयात भरती होण्याची वेळही जास्त येते असं दिसलं. औषधांपैकी फ्लूशी स्वतंत्र संबंध आढळला तो स्टेरॉइडचा. कोविडच्या साथीत ‘सिक्युअर-आयबीडी’ नावाची जागतिक नोंदवही सुरू झाली. तिच्यातल्या ३३ देशांतल्या पहिल्या ५२५ रुग्णांतही तेच चित्र होतं. स्टेरॉइड घेणाऱ्यांना कोविड जास्त जड गेला, इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातल्या औषधांबाबत तसं दिसलं नाही. ‘थोडी स्टेरॉइड चालू ठेवू, पोट बरं राहतं’ असं म्हणत महिनोन्महिने गोळी ओढणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

साधं पडसं बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरसचं असतं. या विषाणूचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून एकदा होऊन गेलं तरी पुन्हा होतं. सात ते दहा दिवसांत ते ओसरतं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात थोडं लांबू शकतं, एवढंच. म्हणजे विषाणूपुरतं बोलायचं तर घाबरण्याजोगं फार नाही. आता पुडी उघडू.

पहिली अंगदुखीची गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन ही सगळी एकाच कुळातली. अॅस्पिरिनसारखी याच कुळातली औषधं प्रोस्टाग्लँडिन या रसायनांची निर्मिती थांबवतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. त्या कामासाठी १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. प्रोस्टाग्लँडिनमुळे दुखतं आणि ताप चढतो, हे खरं. पण जठर-आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर टिकवणं, तिथला रक्तपुरवठा राखणं आणि जखमा भरून आणणं ही कामंही तीच करतात. डोकं उतरावं म्हणून घेतलेली गोळी हे संरक्षणही काढून घेते. निरोगी आतडं ते सोसतं, आधीच जखमी असलेलं कदाचित सोसणार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार शांत असलेल्या रुग्णांना अशी वेदनाशामकं दिली, तेव्हा साधारण चार ते सहांमागे एकाचा आजार नऊ दिवसांच्या आत उसळला. पॅरासिटामॉल घेणाऱ्यांत एकाचाही नाही. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हा संबंध इतका ठसठशीत दिसला नाही. त्याचं एक कारण असं की फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, आतून सुरू झालेला असतो, सांधे दुखू लागतात, म्हणून माणूस गोळी घेतो आणि दोष गोळीवर येतो. वाद चालू राहील. पण ताप-अंगदुखीवर पॅरासिटामॉलसारखा पर्याय खिशात असताना ही जोखीम कशासाठी घ्यायची, हे मला कळत नाही.

अडचण अशी की हे कूळ वेगवेगळ्या नावांखाली येतं. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडगोळ्या तर डझनांनी आहेत. तेव्हा पट्टीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची. आणि ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, लवकर मोकळं होऊ’ म्हणून कंबरेत घेतलेली सुई पोटात जात नाही म्हणून निर्धोक, असंही नाही. डायक्लोफेनॅक रक्तातून आतड्यापर्यंत पोचतंच. पॅरासिटामॉलचीही मोजदाद हवी. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये बहुधा ते असतंच, वर वेगळी गोळी घेतली की नकळत दुप्पट होतं. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द. यकृताचा त्रास असेल किंवा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल, तर किती घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

नाक मोकळं करणाऱ्या गोळीतलं फेनिलेफ्रिन पोटातून घेतलं तर नाकाला उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. शुगर-फ्री सिरपमध्ये आणि चघळायच्या गोळ्यांमध्ये सॉर्बिटॉलसारखी साखरेच्या जागची द्रव्यं असतात, ती जुलाब लावतात. आणि कोलायटिस पेटलेला असताना कोडीनचं कफ सिरप किंवा जुलाब थांबवणारं लोपेरामाइड स्वतःच्या मनाने घेऊ नये. मंदावलेलं आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं.

मग अँटिबायोटिक. विषाणूवर ते काही करत नाही हे आता पुष्कळांना माहीत आहे, तरी घेतलं जातंच. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची वस्ती त्याने विरळ होते आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू बस्तान बसवतो. त्याच्या विषांनी मोठं आतडं सुजतं, जुलाब लागतात, कधी रक्तही पडतं. हुबेहूब फ्लेअर! आयबीडीच्या रुग्णांना हा संसर्ग इतरांपेक्षा जास्त होतो, आणि फ्लेअर समजून स्टेरॉइड वाढवलं तर त्याचं फावतं. अँटिबायोटिक घेतल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पोट बिघडलं, तर औषध वाढवण्याआधी शौचाची या जिवाणूसाठी तपासणी करून घ्यायला हवी. न्यूमोनिया झाला असेल तर अँटिबायोटिक घ्यावंच लागतं, त्यात कुचराई नको. आक्षेप आहे तो गळक्या नाकासाठीच्या कोर्सला.

मेडिकलमधून सुटलो तरी घरी काढा असतोच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जपून घेतलेला वाफारा, आल्याचा सौम्य चहा यांना कोण नाही म्हणेल? हळदीचं दूध ज्यांना दूध पचतं त्यांनी खुशाल घ्यावं. ज्येष्ठमधाबद्दल मात्र सांगायला हवं. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरातल्या कॉर्टिसोल या संप्रेरकाचा निचरा मंदावतं, त्याने अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम घटतं. जुलाबांनी आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने पोटॅशियम आधीच उतरलेलं असतं. त्यात दिवसातून चार वेळा ज्येष्ठमधाचा काढा म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात ती घरोघरी उकळली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, त्यांत प्रतिकारशक्ती यकृतावरच उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी, ज्याची प्रतिकारशक्ती मुळात अतिउत्साहाने आतडं पोखरते आहे, त्याने ‘इम्युनिटी वाढवणारं’ काही शोधत फिरणं हाच विनोद आहे.

इतकं सांभाळूनही फ्लूमध्ये पोट बिघडतं, असं अनेक रुग्ण सांगतात. त्याचा एक धागा २०१४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांना उंदरांत सापडला. फक्त फुप्फुसात फ्लूचा संसर्ग झालेल्या उंदरांच्या आतड्यालाही इजा झाली, आणि आतड्यात विषाणू मात्र नव्हता. फुप्फुसात सज्ज झालेल्या काही पांढऱ्या पेशी आतड्यात उतरल्या, त्यांनी तिथल्या जिवाणूंचा समतोल ढळवला आणि सूज आली. माणसात हे जसंच्या तसं घडतं असं म्हणता येणार नाही, पण छाती आणि पोट यांचा एकमेकांशी संवाद चालतो एवढं नक्की.

मग फ्लूमुळे पोट हललंय की फ्लेअर आलाय, हे कसं ओळखायचं? तापाबरोबर आलेले पातळ जुलाब सहसा दोन-चार दिवसांत आवरतात. रक्त पडणं, रात्री झोपेतून उठून शौचाला धावावं लागणं, सर्दी ओसरली तरी जुलाब न थांबणं, ही फ्लेअरची किंवा आतड्याच्या संसर्गाची लक्षणं समजून डॉक्टरांना फोन करावा. तोवर पाणी भरून काढायचं. तापाचा घाम आणि जुलाब एकत्र आले की शरीर झपाट्याने सुकतं. आतडं काढून पोटावर पिशवी लावलेल्यांचं तर तासांत. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही लागतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. तेच ओआरएस इथेही चालतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

नेहमीच्या औषधांचं काय? मेसालामीन चालू ठेवायचं. अॅझाथायोप्रिनचा परिणाम चढायला आणि उतरायला आठवडे लागतात, म्हणून जोराचा ताप असताना डॉक्टरांनी चार दिवस थांबवलं तरी फ्लेअर लगेच दारात उभा राहत नाही. या औषधाबद्दल एक गोष्ट मात्र अगदी महत्त्वाची. तापाबरोबर घसा फार दुखत असेल, तोंड आलं असेल, तर ती सर्दी नसून पांढऱ्या पेशी घटल्याची सूचना असू शकते. एनयूडीटी-१५ या जनुकातल्या ज्या बदलामुळे असं होतं, तो २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांमध्ये सापडला आणि भारतीयांतही आढळतो. अशा वेळी त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करावी. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनाची तारीख आणि ताप एकाच दिवशी आले तर तारीख बहुधा पुढे ढकलतात, नुसत्या शिंकांसाठी सहसा नाही.

स्टेरॉइडचा नियम सर्वांत कडक आहे. तीन आठवड्यांहून जास्त काळ घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवण्यात आळस करू लागतं. आजारपणात गरज वाढते तेव्हाच गोळी बंद केली, किंवा उलटीतून बाहेर पडली, तर रक्तदाब कोसळू शकतो. गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नये. आणि स्टेरॉइड ताप झाकतं, म्हणून थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा धाप आणि ग्लानी यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं.

फ्लू पडशासारखा हळूहळू येत नाही. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी फणफणून आडवा होतो. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याने ‘उद्या बघू’ म्हणू नये. लस तर दरवर्षी घ्यावी. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, हिवाळ्याच्या अखेरीस पुन्हा एक लाट येते. तेव्हा मे-जूनमध्ये टोचून घेतलेलं बरं. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. त्या फवाऱ्यात कमकुवत केलेला पण जिवंत विषाणू असतो, म्हणून अशा रुग्णांना तो चालत नाही. दंडातल्या नेहमीच्या लशीत विषाणू मारलेला असतो, ती चालते. घरच्यांनीही घेतली तर उत्तम.

राहिला खोकला. पडशानंतर तो आठवडाभर रेंगाळतोच. पण आपण क्षयाच्या देशात राहतो. क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं पेशींच्या कोंडाळ्यात बंदिस्त पडून असतात, आणि ते कोंडाळं टिकवणारं टीएनएफ हे रसायनच इन्फ्लिक्सिमॅब आणि अॅडालिमुमॅब निकामी करतात. उपचारांआधीची चाचणी निर्दोष आली म्हणून पुढची हमी मिळत नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला की क्षयाची तपासणी करा, असं राष्ट्रीय कार्यक्रम सर्वांनाच सांगतो; ही इंजेक्शनं घेणाऱ्याने संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा उतरणारं वजन दिसलं तर तेवढंही थांबू नये. जाताना इंजेक्शनाचं नाव आधी सांगावं, कारण अशा रुग्णांत क्षय बरेचदा फुप्फुसाबाहेर, गाठींत किंवा पोटात असतो आणि थुंकीच्या तपासणीत काहीच सापडत नाही.