भाषणाने घेतला नाही हॅरिसन यांचा जीव

अमेरिकेचे नववे अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन ४ मार्च १८४१ रोजी शपथविधीला ओव्हरकोट न घालता जवळजवळ दोन तास बोलले, थंडी बाधली आणि ४ एप्रिलला गेले, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. भाषण लांबलं होतंच. आठ हजारांवर शब्द! पण ते आजारी पडले २६ मार्चला. सर्दी काही तीन आठवडे दबा धरून बसत नाही. डॉक्टरांनी न्यूमोनिया ठरवला खरा, पण त्यांच्याच टिपणांत पोटाच्या तक्रारी ठळक आहेत. २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांना टायफॉइडसारख्या आतड्याच्या तापाची शक्यता जास्त वाटली. व्हाइट हाउसला पाणी पुरवणाऱ्या झऱ्याच्या वरच्या अंगालाच तेव्हा मैला टाकत.